देविकाला जरा त्रास झाला

विजय पाटणकर मूळचा साताऱ्याचा, आणि हे लखनौत त्याला भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या चहातच कळायचं. शाळेत असताना सकाळी उठून अजिंक्यताऱ्यावर पळत जाऊन यायचो, ही गोष्ट हजरतगंजमधल्या त्याच्या बँकेत शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ होती. आता त्याची पन्नाशी उलटली होती. पोट सुटलं होतं, रक्तदाबाची गोळी सुरू होती आणि कुठलाही गड चढून त्याला कितीतरी वर्षं झाली होती. पण डोंगराचा विषय निघाला की विजय खुर्चीत सरसावून बसायचा.

त्यामुळे मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतीश देवधरांनी ट्रेकचा विषय काढला, तेव्हा सगळ्यात आधी ‘आम्ही तिघं येणार’ असं लिहिणारा विजयच होता. तिघं म्हणजे तो, बायको देविका आणि कॉलेजात शिकणारी मुलगी पूर्वा.

सतीशराव हवाई दलातून निवृत्त होऊन सरोजिनी नगरात स्थायिक झालेले. त्यांनी ठरवलेली जागा काठगोदामच्या पुढे होती. साल वृक्षांच्या जंगलातून खडी चढण आणि माथ्यावर देवीचं देऊळ. सगळ्यांच्या सुट्ट्या जमत होत्या त्या जूनच्या अखेरीलाच. सतीशरावांनी स्पष्ट लिहिलं होतं, ‘डोंगर म्हटला की थंडी, असं समजून येऊ नका. ही जागा फार उंच नाही. पायथ्याच्या तराईची सगळी उमस, सगळा दमट उकाडा त्या झाडीत कोंडलेला असतो. अंगाला उन्हाची आणि दमटपणाची सवय करून या. औषधं चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच या.’

विजयनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि हसला. “एअर फोर्सवाले ना, पिकनिकलाही ब्रीफिंग लागतं यांना.”

देविका हसली नाही. तिनं तो मेसेज परत एकदा स्वतः वाचला.

देविका लखनौच्या जुन्या चौक भागात चिकनकारीच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, एका कारखान्यात काम करायची. बायकांनी घरी भरून आणलेले कुर्ते तपासायचे, टाका सैल असेल तर परत पाठवायचे, हे तिचं काम. लग्न झालं तेव्हा विजय मित्रांबरोबर गडावर जायचा आणि ती डबा भरून द्यायची. मग बदल्या, मग पूर्वा, मग सासूबाईंचं आजारपण. डोंगर नेहमी विजयचाच राहिला. एकदा आपणही वर जाऊन बघावं, असं तिला किती वर्षं वाटत होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ती लगेच कामाला लागली. आधी डॉक्टरांकडे जाऊन आली. मग कॉलनीमागच्या पार्कात रोज चालायला सुरुवात केली, सुरुवातीला ऊन उतरल्यावर, आणि अंगाला जमतंय असं दिसल्यावर हळूहळू उन्हाची वेळ जवळ आणत. नवे बूट घेतले आणि ते घालून चौकातल्या गल्ल्या हिंडली, टाचेला फोड येऊन गेले तरी. सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून इमारतीचे जिने चढायची. लिफ्टसाठी उभे असलेले शेजारी विचारायचे, “भाभीजी, लिफ्ट तो चल रही है?” आणि ती धापा टाकत म्हणायची, “हाँ हाँ, चल रही है.” कैऱ्या आल्यावर पन्ह्यात नेहमीपेक्षा जास्त मीठ घालून बाटल्या भरून ठेवू लागली. साधं पाणी कितीही प्यायलं तरी घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, हे तिनं कुठूनतरी वाचलं होतं.

पहिल्या दिवशी विजयही तिच्याबरोबर पार्कात गेला. दुसऱ्या फेरीतच त्याला दम लागला. देविका पुढे गेली होती, ती वळून थांबली. बाकावर बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई सरकून म्हणाल्या, “बैठ जाइए भाईसाहब, साँस ले लीजिए.” विजय बसला नाही. बुटाची नाडी बांधण्याचं निमित्त करून खाली वाकला आणि श्वास परत येईपर्यंत तसाच वाकून राहिला.

“हळू चालू या का?” देविकानं विचारलं.

“हळू कशाला? उलट तुझ्या स्पीडनं माझा रिदम तुटतो. मी उद्यापासून वेगळा जातो.”

दुसऱ्या दिवसापासून तो गाडी घेऊन भल्या सकाळी बाहेर पडू लागला. दोन-तीन दिवस खरंच एका दुसऱ्या पार्कात चालला. तिथली तरुण पोरं कानात इअरफोन घालून त्याच्या शेजारून सरसर निघून जायची. एका सकाळी चालायच्या आधी चहा घ्यावा म्हणून तो एका टपरीवर थांबला. चहाबरोबर बंद-मक्खन, लोणी लावलेला गोडसर पाव, आलं. समोर कुणी ओळखीचं नव्हतं, पेपर होता, पंखा होता. त्या दिवशी तो पार्कात गेलाच नाही.

मग रोजचंच ते झालं. घरून बूट घालून निघायचं, टपरीवर बसायचं, पेपर संपवायचा. घरी वर जाण्याआधी पार्किंगमध्ये बाटलीतलं पाणी हातावर घेऊन टी-शर्टच्या गळ्यावर आणि पाठीवर शिंपडायचं. पहिल्यांदा हे करताना त्याला स्वतःचंच हसू आलं होतं. नंतर हसूही येईनासं झालं, सवयीनं हात बाटलीकडे जायचा.

“डॉक्टरांना गोळीचं विचारलंत का?” देविकानं जूनच्या सुरुवातीला विचारलं. “त्या गोळीनं लघवी जास्त होते. उन्हात अंगातलं पाणी कमी पडेल.”

“विचारलं. म्हणाले, काही प्रॉब्लेम नाही.”

त्यानं विचारलं नव्हतं. डॉक्टर आधी वजन करायला लावतील, मग किती चालता ते विचारतील, याची त्याला धास्ती वाटली होती.

पायथ्याच्या गावात ते पोचले तेव्हा उजाडलंच होतं, तरी हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. मंडळाची आठ-दहा माणसं होती. सतीशरावांनी सगळ्यांच्या बाटल्या तपासल्या. “तहान लागायची वाट बघू नका. थोडं थोडं पीत राहा. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर लगेच थांबायचं आणि सांगायचं. वर गेलंच पाहिजे असं कुणावर बंधन नाही. जरा जरी वेगळं वाटलं तरी सांगा, मला फोन करा.”

“सतीशराव, आम्ही सातारचे,” विजय म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

सुरुवातीला विजय सगळ्यांच्या पुढे निघाला. पाण्यासाठी थांबला नाही. देविकानं दोनदा मागून हाक मारली, त्यानं हातानंच ‘पुढे ये’ अशी खूण केली. जंगलात वारा नावाला नव्हता. सालाची मोठी पानं निश्चल लटकत होती, घाम येत होता तो वाळतच नव्हता. एका वळणावर सतीशरावांची तुकडी त्याला ओलांडून पुढे गेली. तेव्हा तो फोटो काढत असल्यासारखा मोबाईल धरून उभा होता. पुढच्या वळणावर देविका आणि पूर्वानं त्याला गाठलं.

त्याचा चेहरा पांढुरका पडला होता. “बसा,” देविका म्हणाली.

“कशाला? आता आलंच.”

वरून देवळाची घंटाही ऐकू येत होती, इतकं जवळ होतं. तो आणखी थोडा चढला आणि दगडाला धरून उभा राहिला. पोटरीत गोळा आला होता. मग तो वाकून ओकला, सकाळचा चहा, बिस्किटं, सगळं.

“बाबा!” पूर्वा धावली.

देविकानं त्याला सावलीत नेऊन आडवं केलं, पाय सॅकवर उचलून ठेवले, शर्टाची बटणं सोडली. कडेला पाण्याची बारीक धार होती. तिथं तिनं आपली ओढणी भिजवली आणि त्याच्या मानेवर, काखेत ओल्या घड्या ठेवल्या. पूर्वाला टोपीनं वारा घालायला लावलं. “माझ्याकडे बघा. आपण कुठे आहोत?”

“देवीच्या… डोंगरावर.”

“ही कोण?”

“पूर्वा.” उत्तर उशिरा आलं, पण बरोबर आलं. मळमळ थांबल्यावर देविकानं त्याला मीठ घातलेलं पन्हं घोट घोट पाजलं.

“सतीश काका को फोन लगाती हूँ,” पूर्वा म्हणाली. “नेटवर्क नहीं है यहाँ. ऊपर जाके बुलाऊँ क्या?”

“नको,” विजय पडल्या पडल्या म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. “कुणाला बोलवू नको. उतरू या. आता बरं आहे.”

देविकानं एकदा वरच्या वाटेकडे पाहिलं. झाडांच्या फटीतून देवळाचा लाल झेंडा दिसत होता. मग तिनं सॅक पाठीला लावली.

ते फार सावकाश उतरले. पायथ्याच्या चहाच्या दुकानात पंखा होता. विजयनं तोंड धुतलं, सॅकमधला कोरडा शर्ट घातला, साखर घातलेलं लिंबूपाणी घेतलं आणि थोड्या वेळानं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. देविकाला मात्र बदलायला काही नव्हतं. तिचा कुर्ता चिखलानं माखला होता, ओली ओढणी गळ्यात होती, केस सुटले होते. तिनं बूट काढून पाय बाकावर घेतले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

तेवढ्यात मंडळी उतरून आली. कपाळावर देवीचा टिळा, हातात प्रसादाच्या पुड्या.

“अरे, तुम्ही इथेच? आम्ही वर किती वाट पाहिली!” सतीशरावांची नजर देविकावर गेली आणि त्यांचा आवाज उतरला. “वहिनी? काय झालं?”

देविकानं डोळे उघडले. ती काही बोलायच्या आत विजय बोलला.

“देविकाला जरा त्रास झाला. म्हटलं, उगाच रिस्क नको. उतरलो.”

पूर्वानं झटकन मान वर केली. तिचं तोंड उघडलं होतं. देविकानं बाकावरून हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि हळूच दाबलं. पूर्वाचं तोंड मिटलं, पण ती वडिलांकडे बघत राहिली, आणि विजय पंख्याकडे बघत राहिला.

“बरोबर केलंत,” सतीशराव म्हणाले. “माथ्याच्या इतक्या जवळून परत फिरायला हिंमत लागते. वहिनी, आता कसं वाटतंय?”

“ठीक आहे,” देविका म्हणाली.

कुणीतरी तिला ग्लुकोज दिलं. तिनं ते घेतलं.

लखनौला घरी पोचेपर्यंत तिघं कामापुरतंच बोलले. दारात बूट काढताना पूर्वा म्हणाली, “बाबा, आपने झूठ क्यों बोला? वो भी मम्मी के नाम पे?”

तिला मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची हिंदीत. ती मराठीत रागावली असती तर विजयला उलट ओरडता आलं असतं, असं त्याला उगाच वाटलं. “अगं, त्यात काय एवढं? कुणाला तरी त्रास झालाच ना.”

“कुणाला तरी?” हे मात्र ती मराठीत म्हणाली, आणि खोलीत निघून गेली.

देविकानं त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट बघून चष्मा काढला. “पाटणकरजी, ये दवा लेते हुए इतनी गर्मी में चढ़ाई? जाने से पहले एक बार पूछ तो लेते. हम डोज़ देख लेते, या मना कर देते.”

शेजारच्या खुर्चीत देविका होती. विजय रिपोर्टवरचे आकडे वाचत असल्यासारखा खाली बघत राहिला. देविका त्याच्याकडे वळली नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, पुढची तपासणी कधी करायची.

खरा छळ नंतर सुरू झाला, आणि तो सगळा प्रेमाचा होता. मंडळाच्या ग्रुपवर देविकाला सल्ले येऊ लागले. ‘वहिनी, हिमोग्लोबिन बघून घ्या.’ ‘या वयात बायकांनी झेपेल तेवढंच करावं.’ एका बाईंनी राजगिऱ्याचे लाडू करून पाठवले, अंगात ताकद यावी म्हणून. देविका प्रत्येकाला ‘धन्यवाद’ लिहायची. लाडवांचा डबा तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवला. विजयनं त्यातला एकही लाडू उचलला नाही. डबा कपाटात ठेव असं सांगायलाही त्याला तोंड नव्हतं.

रोज रात्री तो ठरवायचा की उद्या सकाळी ग्रुपवर लिहून टाकू. सकाळी वाटायचं, आता इतके दिवस झाले, उगाच कशाला उकरा. सतीशरावांनी बँकेत येऊन त्याचं पुन्हा कौतुक केलं, “बायकोसाठी माथा सोडलात, सगळ्यांना जमत नाही हो,” तेव्हा त्यानं त्यांच्यासाठी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसला.

ऑगस्टमध्ये सतीशरावांनी एका रविवारी सकाळी घरी पोह्यांना बोलावलं. जूनला ज्यांना यायला जमलं नव्हतं त्यांच्यासाठी सप्टेंबरमध्ये परत जायचं होतं. मंडळात नव्यानं आलेली माणिक नावाची तरुण मुलगी होती. नवरा सैन्यात, नुकतीच त्याची लखनौला बदली झालेली. ती मोठ्या उत्साहानं सगळं मोबाईलमध्ये टिपून घेत होती.

“विजयराव, तुम्ही सांगा,” सतीशराव म्हणाले. “वहिनींना तुम्ही सांभाळून खाली आणलंत. उन्हात कुणाला असा त्रास झाला तर काय करायचं ते अनुभवानं सांगा.”

विजय उभा राहिला. आणि त्याला बोलता आलं, याचंच त्याला नंतर जास्त वाईट वाटलं. सावलीत न्यायचं, पाय वर करायचे, मानेवर आणि काखेत ओल्या घड्या ठेवायच्या, वारा घालायचा. साधे प्रश्न विचारून बघायचे. उत्तरं भलतीच आली किंवा शुद्ध हरपू लागली तर तोंडात काहीही घालायचं नाही, गार करत राहायचं आणि मिळेल त्या गाडीनं हॉस्पिटल गाठायचं. निदान दोन आठवडे आधीपासून रोज थोडं थोडं उन्हात चालून सवय करायची. एकेक वाक्य देविकाचं होतं. तो ते तिच्याच शब्दांत बोलत होता. माना डोलत होत्या.

माणिक देविकाकडे वळली. तिच्या बोलण्यात कुठलाही डाव नव्हता. “ताई, राग मानू नका हं. तुमची तयारी नेमकी कुठे कमी पडली? म्हणजे माझ्याकडून तेच व्हायला नको.”

देविकाच्या हातात पोह्यांची बशी होती. तिनं चमचा बशीत ठेवला.

“ते यांना विचार,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. पण खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे विजयकडे वळले आणि पूर्वा, जी दारापाशी उभी होती, ती आपल्या पावलांकडे बघू लागली. विजयला आतासुद्धा काहीतरी हसून बोलता आलं असतं. शब्द तयारही होते. त्यानं देविकाकडे पाहिलं. ती त्याला वाचवायला येणार नव्हती.

“तिची तयारी कमी पडली नाही,” तो म्हणाला. “त्रास तिला झालाच नव्हता. मला झाला होता.”

कुणाला ते नीट कळलं नाही. सतीशराव म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे मी ओकलो, मी आडवा पडलो. हिनं आणि पूर्वानं मला खाली आणलं. या दोघी वर गेल्या असत्या, माझ्यामुळे राहिल्या.” एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. “मी चालायला जातो म्हणून सांगायचो आणि टपरीवर बसायचो. घरी येताना शर्टावर पाणी मारायचो. डॉक्टरांनाही विचारलं नव्हतं.”

कोपऱ्यात कुणालातरी शर्टावरच्या पाण्याचं हसू फुटलं आणि ते लगेच दाबलं गेलं. तो दाबलेला आवाज विजयला उघड हसण्यापेक्षा जास्त लागला. लाडू पाठवणाऱ्या बाई आपल्या बांगड्या मागेपुढे करत होत्या. माणिकनं मोबाईल पर्समध्ये ठेवला.

सतीशराव रागावले, पण वेगळ्याच गोष्टीवर. “अहो, मी तिथं विचारलं होतं ना, काय झालं म्हणून! मी वहिनींकडे बघत बसलो. परतीच्या गाडीत तुम्ही वरच्या बर्थवर एकटे झोपलात. तिथं तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर? मला माहीत असतं तर तुम्हाला गाडीत बसूच दिलं नसतं, आधी हल्द्वानीच्या हॉस्पिटलात नेलं असतं.” ते थांबले, मग हळू आवाजात म्हणाले, “आणि वहिनींना आम्ही ग्लुकोज पाजत होतो.”

विजय खाली बसला. थोड्या वेळानं कुणीतरी चहाचं विचारलं आणि लोक एकदम खूप बोलू लागले, पावसाबद्दल, मेट्रोबद्दल.

परतताना पूर्वा मागच्या सीटवर होती. कानपूर रोडवर गाड्यांची रांग लागली होती.

“शर्टाचं तुला ठाऊक नव्हतं,” विजय म्हणाला. “ते मी उगाच सांगितलं.”

“होतं ठाऊक.”

“कसं?”

“कपडे मी मशीनला लावते. घामाला वास असतो.” देविका खिडकीबाहेर बघत होती. “आधी वाटलं, बाहेर कुठे गुंतलात की काय. एकदा चौकात जाताना टपरीवर दिसलात. पेपर वाचत होतात.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाटलं, तुम्ही सांगाल.”

पुढची गाडी सरकली. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा विजयला गिअर टाकायचं सुचलं.

“आणि तिथं? सतीशरावांसमोर?”

“मी दमले होते हो. तुम्ही मराल अशी भीती वाटली होती मला वर. खाली येऊन तुम्ही लिंबूपाणी पीत होतात, तेवढंच मला पुरेसं होतं. नंतर राग आला. लाडू आले तेव्हा तर फार आला.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजय बूट घालून देविकाबरोबर पार्कात गेला. दुसऱ्या फेरीत दम लागला तसा बाकावर बसला आणि ती पुढे चालत राहिली. ती प्रत्येक फेरीला त्याच्यासमोरून जायची, आणि प्रत्येक वेळी त्याला दुसरीकडे बघावंसं वाटायचं. हे असं पुष्कळ दिवस चाललं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, रोज किती चालायचं ते सांगितलं.

सप्टेंबरच्या ट्रेकला येऊ का, असं त्यानं तिला विचारलं.

“नाही. तुमची अजून तयारी नाही,” ती म्हणाली, जसा एखादा सैल टाक्याचा कुर्ता बाजूला ठेवावा तसं. “आम्ही तिघी जातो. मी, पूर्वा आणि माणिक. सतीशराव आहेतच बरोबर.”

त्यानं त्यांना चारबाग स्टेशनवर सोडलं.

ट्रेकच्या दिवशी तो बँकेत होता. दुपारच्या सुमारास ग्रुपवर देविकाचा मेसेज आला. ‘आम्ही तिघी अर्ध्याच्या थोडं वर जाऊन परत फिरलो. बाकीचे वर पोचलेत. माणिकचं डोकं दुखायला लागलं होतं आणि माझंही गरगरत होतं. उकाडा फार आहे. थंडीत परत येऊ.’ त्याखाली माणिकनं लिहिलं होतं, ‘हो, पहिली मीच रडले!’ आणि हसरा चेहरा. मग कुणीतरी अंगठा पाठवला, कुणी लिहिलं, ‘उत्तम निर्णय.’ आणि लोक दुसऱ्या विषयाकडे वळले. गणपतीच्या वर्गणीवर बोलणं सुरू झालं.

विजयनं तो मेसेज परत परत वाचला. माझंही गरगरत होतं. तीनच शब्द होते. समोर लोनची फाईल घेऊन आलेले गृहस्थ थांबले होते, त्यांना त्यानं बसायला सांगितलं आणि उठून वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर गाडी आली. पूर्वा आणि माणिक बोलत बोलत पुढे गेल्या. देविका मागून उतरली, चेहरा उन्हानं रापलेला, डोळे झोपाळू. तिनं सॅक त्याच्या हातात दिली.

“तब्येत?” त्यानं विचारलं.

“ठीक. भूक लागलीय.”

जिन्याकडे जाताना तो म्हणाला, “ग्रुपवर वाचलं मी.”

“हं.”

“मला तसं लिहिता आलं नसतं.”

“माहीत आहे,” देविका म्हणाली. तिनं ते टोचून म्हटलं नाही, आणि सांत्वनासाठीही नाही. मग तिनं विचारलं, इथं बाहेर गरम काही मिळेल का. विजय म्हणाला, मिळेल, आणि तिची सॅक दोन्ही खांद्यांवर सरळ करत तो तिच्या एक पाऊल मागून जिना चढू लागला.